शिरा पुन्हा फुगल्या तेव्हा

"आधी लेझर केलं होतं ना? मग ते फुकटच गेलं म्हणायचं!" नणंदबाईंचा फोनवरचा पहिलाच प्रश्न. त्यानंतर त्याच अर्थाचे आणखी चार फोन आले. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते झालं.

माझ्या उजव्या पायाच्या शिरेवर लेझर झालं ते २०१४ साली. चौतीस वर्षं फळ्यासमोर उभं राहण्याचा हा प्रसाद, असं सगळे म्हणतात. थोडं खरं आहे. पण आई काही शिक्षिका नव्हती, तरी तिचे पाय असेच. म्हणजे घराण्याचाही वाटा आहेच.

पायातलं रक्त हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि चढलेलं रक्त परत घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. (विल्यम हार्वेने १६२८ सालच्या आपल्या पुस्तकात रक्त फिरतं हे पटवायला याच झडपांचा पुरावा दिला होता. जुनी सवय, उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही!) झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली साचतं, शीर फुगते, घोट्याजवळची कातडी काळपट होते आणि मग साध्या खाजवण्यानेही जखम होऊ शकते. आईची तशी जखम मी लहानपणापासून पाहिली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, हळद, पुन्हा पट्ट्या. भरायची आणि पुन्हा उघडायची. ती गेली तेव्हाही पायाला पट्टी होतीच. मला शिरांची भीती कधी वाटली नाही, भीती त्या जखमेची.

२०२३ च्या पावसाळ्यात संध्याकाळी पाय जड व्हायला लागला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग दिसला. चिरंजीव म्हणाले, "आई, या वयात परत कशाला? मोजे घाल." ते घट्ट मोजे मे महिन्यात दुखऱ्या गुडघ्यांनी एकदा चढवून बघ म्हटलं, मग बोलू!

डॉक्टरांनी उभं करून डॉपलर केला. पोटरी दाबून सोडली की यंत्रातून सूं सूं आवाज येई, ते उलटं येणारं रक्त. जुनी शीर मात्र दोऱ्यासारखी बारीक होऊन बंदच होती. बिघडली होती ती मांडीच्या पुढच्या भागातली शेजारची फांदी, जी २०१४ साली ठणठणीत होती. तेव्हा नणंदबाई, लेझर फुकट गेलं नाही. उष्णतेने बिघडलेली एक वाट बंद होते, झडपा ढिल्या पडण्याची खोड कशी जाळणार? कधी कधी बंद केलेली शीरच पुन्हा उघडते म्हणे, माझं तसं नव्हतं.

या वेळी रेडिओफ्रिक्वेन्सी. गुडघ्याच्या वरून शिरेत बारीक नळी घातली. मग शिरेभोवती ओळीने सुया टोचून बधिर करणारं गार पाणी भरलं. सगळ्यात नकोसा भाग हाच. पण त्याच पाण्यामुळे आजूबाजूची कातडी भाजत नाही आणि शीर नळीला घट्ट चिकटते. पुढे १२० अंश उष्णता, एकेका तुकड्याला २० सेकंद. मला फक्त ऊब कळली. सूनबाई बाहेर देवाचं नाव घेत होती आणि मी आत सेकंद मोजत होते.

"शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?" हे मी दोन्ही वेळा विचारलं. पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांतूनच वर जातं, या वरच्या शिरा गेल्याने अडत नाही.

तासाभरात चालायला लावलं. आठवड्याने गुठळी नाही ना हे बघायला परत डॉपलर झाला, तो चांगला आला. मांडीवर रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. डाग काही गेला नाही, पण वाढलाही नाही, आणि कातडी शाबूत आहे. तिसऱ्यांदा करावं लागणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही वदवून घेतलं नाही.

पुढच्या महिन्यात डावा पाय दाखवायचा आहे. मोजे सध्या सूनबाई चढवून देते.