मोंमार्त्रच्या पायऱ्या

ज्याची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, आणि तीही सिद्धेश्वरच्या धरणावर झाली, त्याला कुठलीही थोर इमारत दाखवा, तो आधी पाया विचारतो. आमच्या सौ. चित्रकलेच्या शिक्षिका. त्या आधी रंग बघतात. अशी दोन माणसे एकत्र परदेशी हिंडू लागली म्हणजे कुणीतरी एकजण सारखा कुणाची तरी वाट बघत उभा असतो. पॅरिसला मुलाकडे राहायला गेलो तेव्हा त्याने आम्हांला यादीच करून दिली होती. आयफेल मनोरा, लूव्र, नदीतली बोट. पण एके दिवशी तो कामावर गेला आणि सौ. म्हणाल्या, "अहो, आज ती यादी राहू द्या. मला चित्रकारांची टेकडी बघायचीय. बघायचीय म्हणजे नुसतं हिंडायचंय."

ही टेकडी मोंमार्त्र. भुयारी रेल्वेचे आबेस स्टेशन जमिनीखाली ३६ मीटर आहे, शहरातले सर्वांत खोल. लिफ्ट होती, पण गोल जिन्याच्या भिंती रंगवलेल्या आहेत असे दिसल्यावर लिफ्टचा प्रश्नच मिटला. माझे गुडघे त्या दिवसापासून फ्रेंच कलेबद्दल बरे बोलत नाहीत.

माथ्यावर साक्रे-करचे पांढरेशुभ्र चर्च आहे. इथे माझी पाळी आली. ही टेकडी जिप्समची. शतकानुशतके खणून तिची चाळण झालेली. तेच 'प्लास्टर ऑफ पॅरिस'. शाडूचा गणपती आणावा की प्लास्टरचा, हा आपल्या घरोघरचा वाद मुळात या टेकडीच्या पोटातून निघालेला! १८७५ साली चर्चचे काम सुरू झाले तेव्हा अशा पोकळ जमिनीत ८३ खोल विहिरी खणून त्या बांधकामाने भरून काढाव्या लागल्या. हे मी सांगत होतो आणि सौ. खालच्या छपरांकडे बघत होत्या.

१८६० पर्यंत हे गाव पॅरिसच्या हद्दीबाहेर होते. शहराचा कर नाही, म्हणून दारू स्वस्त. चढ फार, म्हणून भाडे कमी. साहजिकच खिशात दमडी नसलेले चित्रकार, कवी, गाणारे इथे गोळा झाले. एका उतरत्या चौकात 'बातो लाव्वार', म्हणजे धोब्यांची नाव, या नावाची इमारत होती. पिकासो तिथे १९०४ पासून राहिला. ज्या चित्राने पुढे कलेचे जग हादरले ते 'आव्हिन्योंच्या तरुणी' त्याने १९०७ साली तिथेच रंगवले. साऱ्या इमारतीला नळ एक! आपल्या गिरगावच्या चाळीतही मजल्याला एक तरी असे. १९७० साली ती जळाली, मागाहून पुन्हा बांधली.

दारिद्र्याने कला फुलते, असे आपल्याकडे पोटभर जेवलेली माणसे नेहमी सांगतात. मला ते पटत नाही. इथे कला फुलली ती भाडे परवडत होते आणि शेजारीही तितकाच वेडा होता म्हणून. आज वरच्या तेर्त्र चौकात चित्रकारांना परवाना लागतो. एक चौरस मीटर जागा, तीही दोघांनी आलटूनपालटून वापरायची. भोवती खुर्च्या मांडलेली हॉटेले. एकाने सौ.ना खुणेने बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. पाठीमागे जाऊन त्याचा हात कसा चालतो ते बराच वेळ बघत राहिल्या.

तिथून उतरताना म्हणाल्या, "आपले रझा नागपूरला शिकले, मग जे.जे.ला, आणि १९५० साली या शहरात आले. पुढच्या वर्षी गोव्याचे लक्ष्मण पै." मी हूं म्हटले. जे.जे.चा अर्ज सौ.नीही सतराव्या वर्षी आणवला होता, हे मला लग्नानंतर कळले. घरच्यांनी, ए.टी.डी. करून नोकरी धर, म्हणून सांगितले. त्यांनी धरली. मग एकतीस वर्षे एलिमेंटरी नि इंटरमीजिएटची मुले बसवली: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. पाहुण्यांच्या स्वागताचे फळे, स्नेहसंमेलनाचे पडदे, गावच्या गणपतीची आरास. यात त्यांचे स्वतःचे चित्र कोणते, हे मी कधी विचारले नव्हते, आणि त्यांनीही काढले नव्हते.

टेकडीच्या उत्तर अंगाला एक द्राक्षमळा आहे, १९३३ साली लावलेला. खुद्द पॅरिसमध्ये द्राक्षे! त्याच्या जवळच्या पायऱ्यांवर सौ. बसल्या. पर्समधून मुलाच्या ऑफिसची एक वही आणि पेन्सिल काढली.

"तुम्ही चार पायऱ्या खाली जाऊन बसा. नाही, दिव्याच्या खांबाकडे. हलू नका."

"अगं, पण मळा माझ्या पाठीमागे राहिला!"

"मळा कोण काढतंय?"

दीड तास मी हललो नाही. धरणाचे दरवाजे उघडताना जिवावर दडपण येई, तसेच काहीसे आले होते. एक म्हातारी कुत्रा घेऊन चढली, आमच्याकडे बघून मान डोलावून गेली. चर्चची घंटा वाजली. सौ.चा चेहरा वर येई, मला बघे, पण मला ओळखत नसे. अशी नजर चाळीस वर्षांत मी पाहिली नव्हती.

चित्र दाखवले तेव्हा त्यात एक टक्कल पडलेला गृहस्थ पायऱ्यांच्या दगडाकडे वाकून बघत होता. पाया शोधत असावा. नाक माझेच होते, नाइलाज होता.

"डावा हात चुकलाय," सौ. म्हणाल्या. "उद्या परत यायचं."

"उद्या आयफेल आहे."

"आयफेल तुम्ही बघून या. जाताना मला इथे सोडा, आणि वाटेत चांगला कागद घेऊ."