कूपरस्टाउनच्या भिंतीवरची माणसे

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो, "नायगारा पाहिला का?" मी पाहिला. पण आज वाचकांना सांगायचे आहे ते त्या धबधब्याविषयी नव्हे, तर न्यूयॉर्क राज्यातल्याच एका चिमुकल्या गावाविषयी. गावाचे नाव कूपरस्टाउन. वस्ती दोन हजारांच्या आत. एका अंगाला ओत्सेगो सरोवराचे निळे पाणी आणि गावात एक मुख्य रस्ता. पंढरपुरात जशी बुक्क्याची आणि तुळशीमाळांची दुकाने, तशी येथे बॅटींची, चेंडूंची आणि टोप्यांची. कारण या गावात बेसबॉलचे देवस्थान आहे. त्याला 'हॉल ऑफ फेम' म्हणतात. आपण कीर्तिमंदिर म्हणू.

माझा भाचा ऑल्बनीला नोकरी करतो. तेथून मोटारीने सुमारे दीड तासाची वाट. "मामा, तुम्हांला क्रिकेटचे एवढे वेड, मग हे देऊळ पाहायलाच हवे," असे म्हणून त्याने मला गाडीत घातले.

देऊळ म्हटले की स्थळपुराण आलेच. १८३९ साली ॲब्नर डबलडे नावाच्या गृहस्थाने याच गावी बेसबॉलचा शोध लावला, असा निर्वाळा १९०७ साली एका समितीने दिला. पुढे संशोधकांनी तो खोटा ठरवला. त्या वर्षी डबलडे लष्करी विद्यालयात शिकत होता! पण पुराण खोटे ठरले म्हणून देऊळ थोडेच हलते? १९३९ साली येथे संग्रहालय उघडले आणि आजही यात्रा भरतेच आहे.

आत एका प्रशस्त दालनात भिंतींवर ओळीने काशाच्या पाट्या आहेत. प्रत्येक पाटीवर एक चेहरा आणि खाली चार-सहा ओळींत त्याचा पराक्रम. अशी माणसे साडेतीनशेच्या वर. येथे येण्याची वाट मात्र बिकट. खेळाडू दहा हंगाम खेळलेला हवा आणि निवृत्त होऊन पाच वर्षे लोटलेली हवीत. मग अनुभवी क्रीडापत्रकार मते देतात. शेकडा पंचाहत्तर मिळाली तर पाटी. पाचांहून कमी मिळाली तर नाव यादीतून बाद. मधल्यांनी दरवर्षी आशेवर राहायचे, तेही दहाच वर्षे. १९३६ च्या पहिल्या निवडणुकीत पाच जण निवडून आले. त्यांत बेब रूथला २२६ पैकी २१५ मते होती. म्हणजे रूथलाही नको म्हणणारे अकरा जण निघाले! आमच्या विद्यापीठातले परीक्षक आठवून मला हसू आले.

पण भाचा मला दाखवत होता ती भिंतीवर नसलेली माणसे. पीट रोझ हा त्यांतला पहिला. ४,२५६ हिट्स, म्हणजे इतक्या वेळा फटका मारून सुखरूप तळ गाठलेला. अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धांत एवढे कोणालाच जमले नाही. पण संघाचा व्यवस्थापक असताना त्याने आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्या. १९८९ साली त्याला खेळातून कायमचे दूर केले गेले. २०२४ साली तो वारला आणि २०२५ च्या मे महिन्यात बंदी उठली. ती जिवंतपणापुरतीच, असे ठरले. दुसरा बॅरी बाँड्स. ७६२ होमरन, हाही उच्चांकच. पण उत्तेजक द्रव्यांचा डाग. २०२२ साली, दहाव्या आणि अखेरच्या वर्षी, त्याला शेकडा सहासष्ट मते पडली.

"मामा, तुम्ही न्यायाधीश असता तर काय केले असते?" भाच्याने विचारले.

मी मास्तर. चटकन म्हणालो, "कॉपी केली की नापास."

तो हसला आणि मला जॅकी रॉबिन्सनच्या पाटीपुढे घेऊन गेला. १९४७ साली गोऱ्यांच्या स्पर्धेचे दार उघडणारा हा काळा खेळाडू. १९६२ साली त्याची पाटी लागली. तीत त्याच्या खेळाचे आकडे होते, पण त्या दाराविषयी अक्षर नव्हते. २००८ साली पाटी नव्याने ओतून ती उणीव भरून काढली. मला आपल्या पालवणकर बाळूंची आठवण झाली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज. पण जातीपायी हिंदू संघाने त्यांना कर्णधारपद कधी दिले नाही. तो मान १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाला.

मग आम्ही एका पुतळ्यापाशी आलो. बक ओनील. काळ्यांच्या वेगळ्या संघांतून खेळला, त्यांचा व्यवस्थापक झाला आणि त्या विसरलेल्या खेळाडूंच्या कथा म्हातारपणी गावोगाव सांगत फिरला. २००६ साली एका खास समितीने त्या काळातल्या सतरा जणांना एकदम मंदिरात घेतले. ओनीलला मते कमी पडली. त्याचे वय चौऱ्याण्णव. तरी समारंभाला तो आला, त्या सतरा दिवंगतांच्या वतीने बोलला आणि लोकांकडून गाणेही म्हणवून घेतले. ऑक्टोबरात तो गेला. पुतळा २००८ साली उभा राहिला. पाटी लागायला २०२२ साल उजाडले.

मी त्या पुतळ्यापुढे बराच वेळ उभा होतो. भाच्याला वाटले, मामा दमले. खरे कारण वेगळे होते. आमच्या महाविद्यालयात दरवर्षी एका जुन्या सेवकाचा सत्कार होतो आणि निवड समितीत मी आहे. तीन वर्षांपूर्वी ग्रंथालयातल्या एका वृद्ध शिपायाचे नाव आले होते. कोणते पुस्तक कोणत्या फळीवर, हे डोळे मिटून सांगणारा माणूस. "यंदा प्राध्यापकाचा मान आहे, यांचे पुढच्या वर्षी पाहू," असे कोणी म्हटले असेल? मीच. पुढचे वर्ष त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या पत्नीच्या हातात आम्ही शाल ठेवली तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, "यांना थंडी फार वाजायची."

परतताना सरोवराकाठी बसलो. भाच्याने पुन्हा तोच प्रश्न केला. मी म्हटले, "मघाचा निकाल रद्द कर. ज्याने पराक्रम केला त्याची पाटी लागावी. पण ती पुरी असावी. रोझचे ४,२५६ लिहा आणि खालच्या ओळीत पैजाही लिहा. बाँड्सच्या होमरनशेजारी डागही लिहा. रॉबिन्सनची पाटी बदलता आली, तर खरे लिहिणे अवघड ते काय? आणि माणूस वाचू शकेल तेव्हा लावा."

"म्हणजे चुकलेल्यालाही मान?"

"मान नव्हे रे. हिशेब. अर्धा हिशेब कोणाचाच ठेवू नये."

भाच्याला ते पुरते पटले नाही. कदाचित तुम्हांलाही पटणार नाही. पण जूनमध्ये समितीची बैठक झाली. दोन नावे होती. त्यांतल्या एका बाईंनी प्रयोगशाळेत पस्तीस वर्षे काचेची भांडी धुतली आहेत. कोणीसे म्हणाले, "यांचे पुढच्या वर्षी पाहू."

मी म्हटले, "नको. यंदाच."