खंदकातलं पाणी

दोन वर्षांपूर्वी सहा महिने ऑनसाइटला होतो. क्लायंटचं ऑफिस लंडनच्या बाहेर, त्यामुळे शनिवार-रविवार खायला उठायचे. दुकानं तरी किती हिंडणार? शेवटी टीममधल्या एका बाईंनी सुचवलं, बॉडियमचा किल्ला बघून ये. म्हटलं चला, भारतात परत गेल्यावर फोटो तरी होतील.

बॉडियम ईस्ट ससेक्समध्ये आहे. सर एडवर्ड डॅलिंग्रिज नावाच्या सरदाराने १३८५ मध्ये राजाची परवानगी काढून तो बांधला. चौकोनी तट, कोपऱ्यांवर गोल बुरूज आणि चारी बाजूंना एवढा रुंद खंदक की किल्ला तळ्यात तरंगतोय असं वाटावं. आत मात्र छप्पर नाही, नुसत्या भिंती. हा खंदक खरंच शत्रूसाठी होता की शेजारच्या जमीनदारांवर छाप पाडायला, यावर तिथले इतिहासकार अजून वाद घालतात. तरी सगळं कसं नीट! हिरवळ कापलेली, बाकं, चहा-केकचं दुकान, थर्मास घेऊन आलेली आजी-आजोबांची जोडपी.

आणि माहितीमध्ये एक ओळखीचं नाव दिसलं. लॉर्ड कर्झन!

शाळेतला कर्झन म्हणजे १९०५, बंगालची फाळणी, दोन मार्क. हा माणूस इथे काय करतोय? तर त्याने १९१७ साली हा पडका किल्ला विकत घेतला, डागडुजी केली आणि १९२५ मध्ये मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला देऊन टाकला. त्याआधी १९११ मध्ये त्याने टॅटरशॉल नावाचा आणखी एक किल्ला वाचवला होता. त्यातल्या दगडी शेकोट्या उचकटून विकायला काढल्या होत्या, त्याही त्याने परत आणून बसवल्या. भारतातल्या जुन्या वास्तू जपायचा १९०४ चा कायदाही याच साहेबाच्या कारकिर्दीतला. माणूस एकाच रंगात रंगवता आला असता तर परीक्षेला किती सोपं गेलं असतं :)

संध्याकाळी पप्पांना फोटो पाठवला. पप्पांचं उत्तर आलं, "अरे हे तर आपल्या औशासारखंच हाय की. पाणी तेवढं तिकडं टिकलं."

मला लाजच वाटली. मी लातूरचा. औसा घरापासून वीसेक किलोमीटर, आणि तिथे मी शाळेच्या सहलीनंतर गेलो नव्हतो. पुण्यातली माझी गँग दर पावसाळ्यात राजगड-तोरणा करते, मीही करतो. मराठवाड्यात देवगिरी सोडून किल्ले आहेत का, असं कुणी विचारलं की औसा, उदगीर, कंधार, माहूर अशी नावं घडाघडा सांगायचो. कधी नेलं मात्र कुणालाच नाही. भुईकोट किल्ल्यात घाम निघत नाही ना, मग ट्रेक कसा म्हणणार!

परत आल्यावर दिवाळीत पप्पांना म्हटलं, चला औशाला.

या किल्ल्याची गंमत अशी की तो उंचावर नाही, उलट खोलगट जागी आहे. आजूबाजूची जमीन चढी, त्यामुळे जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. पण आतल्या उंच बुरुजावर चढलं की लांबवरून येणारी फौज दिसते. दुहेरी तट, बाहेर खंदक. इथला खंदक छाप पाडायला नव्हता. १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजांनी औसा आणि उदगीर दोन्ही घेतले. पुढे १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ती उदगीरची लढाईसुद्धा याच टापूतली. अकरा महिन्यांनी पानिपत झालं आणि लोकांनी तेच लक्षात ठेवलं. असो.

आत जलमहाल आहे. जमिनीखाली एक मोठं दालन आणि त्याच्या डोक्यावर पाण्याचा हौद. म्हणजे हौदाचा तळ हेच दालनाचं छप्पर! उन्हाळ्यात थंडावा मिळावा म्हणून केलेलं. माझा पुण्यातला फ्लॅट तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागला, त्यामुळे मी त्या छताखाली जरा जास्तच वेळ मान वर करून उभा होतो.

बाहेर आलो तर पप्पा खंदकाच्या काठावर बसलेले. खाली कोरडी माती आणि काटेरी झुडपं.

"तुझी आजी म्हणायची, लहानपणी यात पाणी बघितलंय म्हणून," ते म्हणाले.

मग दोघंही गप्प बसलो. २०१६ चा उन्हाळा आठवला. तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन सीईटीच्या मागे होतो. नळाला महिना महिना पाणी नव्हतं, टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, दहा डबे, साधारण पाच लाख लिटर. पुढे ती पन्नास डब्यांची झाली. त्याच्या आधीच पप्पांनी आजीला आत्याकडे नांदेडला पोचवलं होतं. म्हाताऱ्या माणसाला अंघोळीचं पाणी मोजून द्यायचं त्यांच्याच्याने होईना. "पाऊस पडला की येते," म्हणाली होती. जुलैत पाऊस पडला, आणि त्याच महिन्यात ती तिकडेच गेली. त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही.

कर्झनचा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, आमचा भाग निजामाकडे. निजामाने १९१४ मध्ये स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानींसारखा माणूस त्याला लाभला. त्यांचं नाव झालं ते अजिंठ्याच्या कामामुळे. औसा-कंधार कुणाच्या नजरेत भरणार?

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला नांदेडला आत्याकडे निघालो होतोच, वाट वाकडी करून कंधारला थांबलो. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण स्वतःला कंधारपुराचा स्वामी म्हणवायचा, म्हणजे दहाव्या शतकातली गोष्ट. गावाजवळचं जगत्तुंग सागर हे तळंही राष्ट्रकूटांचं, हजार वर्षांहून जुनं. आणि कंधारच्या खंदकात पाणी होतं! हिरवट, शेवाळलेलं, पण पाणी. खंदकात मुरलेलं पाणी आतल्या विहिरींना पाझरत असणार, हा माझा इंजिनिअरी अंदाज मी पप्पांना ऐकवला.

त्यांचं लक्ष नव्हतं. "यात रेल्वेचे डबे किती बसतील रे?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. रुंदी नजरेने धरली, खोली विचारायला जवळ कुणी नव्हतं, लांबीसाठी काठाकाठाने पावलं टाकायला लागलो. पप्पा मागून मोठ्याने मोजत होते. तीनशे चाळीसपर्यंत आलो तेव्हा आत्याचा फोन आला, जेवायला थांबलोय, कुठे आहात म्हणून. पप्पांनी फोन माझ्याकडे दिला आणि पुढे मोजत राहिले.