जळण

लाकूड टिकवायचं कसं, या एका प्रश्नावर माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. पण दिवस जायचे ते कसं कुजतं हे बघण्यात. एकाच मापाच्या, नंबर ठोकलेल्या खुंट्या जमिनीत अर्ध्या पुरायच्या, ठरल्या महिन्यांनी उपटायच्या, वाळवीनं किती खाल्लं, बुरशीनं किती पोखरलं ते वहीत लिहायचं आणि खुंटी परत त्याच भोकात. या जागेला जगभर ‘ग्रेव्हयार्ड’च म्हणतात. पावसानंतरची फेरी मला फार आवडे. ओल्या मातीला कुजक्या लाकडाचा वास, आणि सावरीची खुंटी ओढावी तर हातात नुसतं वरचं टोक.

सरासरी 120 महिने टिकलं तर लाकूड पहिल्या वर्गाचं, 60 महिन्यांच्या आत गेलं तर तिसऱ्या. सागाचा गाभा पहिल्या वर्गातला. पण त्याच सागाचं गाभ्याबाहेरचं पांढरट लाकूड वाळवी बिनदिक्कत फस्त करते. कोकणातल्या सुताराला हे कुठलं मानक वाचून कळलेलं नसतं.

आमच्या क्षेत्रातला मोठा माणूस म्हणजे सोंती कामेशम. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत 1933 साली त्यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण सिद्ध केलं. विषं त्याआधीही होती. पण पाण्यात विरघळणारं विष लाकडात जितकं सहज शिरतं, तितकंच सहज पावसात धुऊन जातं. क्रिओसोट टिकायचं, पण काळं, चिकट, उग्र वासाचं; रेल्वेच्या स्लीपरला चालेल, घराच्या चौकटीला कोण लावणार? कामेशम यांच्या मिश्रणात तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक वाळवीला. क्रोमियमचं काम निराळंच. लाकडात शिरल्यावर त्याचं रूप पालटतं आणि ते या दोघांना असं जखडून ठेवतं की पाऊस त्यांना सहजी धुऊन नेत नाही. मारणाऱ्या दोघांपेक्षा मला हा धरून ठेवणारा तिसराच देखणा वाटत आला आहे.

बंद सिलिंडरमध्ये हवा ओढून घेऊन, दाबाखाली द्रावण भरलेलं हे हिरवट लाकूड विजेच्या खांबांत, कुंपणांत, कूलिंग टॉवरमध्ये जगभर गेलं. हलकी समजली जाणारी झाडं त्यामुळे सागा-सालाच्या जागी उभी राहू शकली. जंगलाच्या दृष्टीनं हे लहान काम नव्हे. पुढे आर्सेनिकची धास्ती वाढली आणि 2004 पासून अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं बहुतांशी थांबलं.

माझी रुखरुख वेगळी आहे. आमच्या वह्यांत खुंटी किती महिने टिकली याचा रकाना होता. टिकून झाल्यावर तिचं काय, याचा नव्हता. आपल्याकडे मोडकं दार गोठ्याला लागतं, गोठ्याची फळी कुंपणाला, कुंपणाचा खांब शेवटी बंबात, आणि राख माडाच्या आळ्यात. या लाकडाला ती वाट बंद. जाळलं की आर्सेनिक काही धुरात जातं, बाकीचं राखेत उरतं.

मागे गावी गेलो, तर पुतण्यानं भंगारातून कूलिंग टॉवरच्या फळ्या आणून मांगरावर ठोकल्या होत्या. उरलेले तुकडे कुठे आहेत, असं वहिनींना विचारलं.

“बंबाशेजारी रचलेत, भाऊजी. पावसाळ्याला बरं जळण झालं!”

तुकडे गोणीत भरून मी पडवीत आणले. गोणी न्यायची कुठे, हे मात्र त्यांनी विचारलं तेव्हा मला सांगता येईना.