चर्च : वास्तू की माणसे?

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर नावाचे एक स्थानक आहे. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत. फलाटावरून चालता चालता प्रवासी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो, पण पायाखालची फरशी बदलत नाही. शब्द मात्र बदलतात. रविवारी मिस्साबलिदानासाठी आपण ज्या वास्तूत जमतो, तिला गुजरातेतील आपले बांधव ‘देवळ’ म्हणतात. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, खेतिया-पानसेमलकडे, हिंदी बोलणारी माणसे तिलाच ‘गिरजाघर’ म्हणतात. मिशनकेंद्रांत सेवा करणाऱ्या केरळीय भगिनी आपापसांत बोलताना ‘पळ्ळी’ म्हणतात, तर गोव्याहून आलेला एखादा पाहुणा ‘इगर्ज’ कुठे आहे असे विचारतो. आम्ही मराठी माणसे सरळ ‘चर्च’ म्हणून मोकळे होतो. वास्तू एक आणि नावे पाच. या नावांच्या मुळाशी जावे असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. त्यामागे केवळ शब्दांची हौस नव्हती.

आमच्या धर्मग्राम परिषदेत दिवाळी झाली की एक प्रश्न हमखास निघतो. सातपुड्यातील पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे त्या सुमारास ऊसतोडणीसाठी दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे आणि त्याच्याही पलीकडे निघून जातात. होळीला काही जण येतात. सण आटोपला की पुन्हा जातात. मागे उरतात म्हातारी माणसे, काही शाळकरी मुले आणि कोंबड्या. अशा पाड्यावरील छोट्या मंदिरात रविवारी आठ-दहा माणसेही जमत नाहीत. मग कोणीतरी म्हणतो, “फादर, चार महिने चर्च रिकामेच असते. तोवर तिथली मिस्सा बंद ठेवली तर?” म्हणणारा आळशी नसतो की अश्रद्ध नसतो. घाटातला रस्ता, पेट्रोलचा खर्च, धर्मशिक्षकाची होणारी ओढाताण, हे सारे त्याने पाहिलेले असते. परंतु ‘चर्च रिकामे असते’ या तीन शब्दांपाशी आमचे मन दरवर्षी अडते. रिकामे काय असते? भिंती की आणखी काही?

युरोपातील भाषांना हा प्रश्न विचारला, तर त्या दोन निराळी उत्तरे देतात.

पहिले उत्तर इंग्रजीचे. ‘चर्च’, स्कॉटलंडचा ‘किर्क’, जर्मन ‘किर्खे’, डच ‘केर्क’, फिनिश ‘किर्को’ आणि रशियन ‘त्सेर्कोव्ह’ ही एकाच घराण्यातली भावंडे होत. या साऱ्यांचा उगम बहुतेक भाषापंडित ‘किरियाकोन’ या ग्रीक शब्दात मानतात. त्याचा अर्थ ‘प्रभूचे’, म्हणजेच प्रभूचे घर. यातला ‘किरियोस’ आपल्याला परका नाही. लॅटिन मिस्सेच्या काळात वाढलेल्या आपल्या वाडवडिलांनी ‘किरिये एलेइसोन’ म्हणत ज्याला हाक मारली, तोच हा प्रभू. ग्रीक माणूस आजही रविवारला ‘किरियाकी’, म्हणजे प्रभूचा दिवस, असे म्हणतो. तेव्हा ‘चर्च’ हा शब्द उच्चारताना आपण नकळत मालकाचे नाव घेत असतो. हे घर कोणाचे? बांधणाऱ्याचे नव्हे, देणगीदाराचे नव्हे, फादरांचे तर नव्हेच नव्हे. ते प्रभूचे.

दुसरे उत्तर दक्षिणेकडच्या भाषांचे. फ्रेंच ‘एग्लीझ’, स्पॅनिश ‘इग्लेसिया’, इटालियन ‘किएझा’, पोर्तुगीज ‘इग्रेजा’, आणि पार वेल्सपर्यंत पोहोचलेला ‘एग्लुइस’. या सर्वांची आई म्हणजे ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द. हिंदीतले ‘गिरजा’ आणि कोकणीतली ‘इगर्ज’ ही त्या पोर्तुगीज ‘इग्रेजा’चीच लेकरे. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या ‘पगार’, ‘चावी’, ‘पाव’, ‘पाद्री’ या शब्दांना आपण जसे आपलेसे केले, तसेच हिंदीने ‘गिरजा’ला केले. खेतियाच्या बाजारात ‘गिरजाघर’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक शब्द असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

हा ‘एक्लेसिया’ मुळात धार्मिक शब्द नव्हताच. अथेन्स नगरात नागरिकांची सभा प्निक्स नावाच्या टेकडीवर भरे. तिला एक्लेसिया म्हणत. युद्ध करावे की तह, धान्याची सोय कशी लावावी, असल्या गोष्टी तिथे ठरत. शब्दाच्या पोटात ‘हाक मारून बाहेर बोलावणे’ अशी धातू दडलेली आहे. अर्थात शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते; नित्य वापरात त्याचा अर्थ साधा होता, सभा. हिब्रू पवित्र ग्रंथाचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा परमेश्वरापुढे जमलेल्या इस्राएलच्या समुदायासाठी अनेक ठिकाणी हाच शब्द योजला गेला. चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात तो येतो; एकदा पेत्राला दिलेल्या वचनात आणि पुढे भावाच्या अपराधासंबंधीच्या शिकवणीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात तर मौज आहे. एफेस नगरातील सोनारांनी पौलाविरुद्ध चिथावलेला जमाव रंगमंडपात आरडाओरडा करीत घुसतो. आपण का जमलो आहोत हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नसते. त्या गोंधळलेल्या जमावालाही लेखक एक्लेसियाच म्हणतो! माणसे नुसती जमली म्हणून ख्रिस्तसभा होत नाही, कोणाच्या हाकेने जमली याला महत्त्व असते, हे यातून उमजते.

या दोन घराण्यांबाहेरचेही काही शब्द आहेत. रुमानियन लोक ‘बिसेरिका’ म्हणतात. तो ‘बॅसिलिका’ या शब्दापासून आला आहे. रोमनांच्या या प्रशस्त सार्वजनिक सभागृहाचा घाट पुढे चर्चच्या बांधणीला मिळाला. चेक ‘कोस्तेल’ आणि पोलिश ‘कोश्चुव’ यांचे मूळ ‘कास्तेल्लुम’ या लॅटिन शब्दात, म्हणजे गढीत, सापडते. एकाने चर्चमध्ये सभागृह पाहिले, दुसऱ्याने तटबंदी पाहिली.

या शब्दांपायी पुढे भांडणेही झाली. विल्यम टिंडेल याने १५२६ साली नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात एक्लेसियासाठी ‘चर्च’ न लिहिता त्याने ‘समुदाय’ अशा अर्थाचा शब्द योजला. संत थॉमस मोर यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांना भय होते ते हे की, समुदाय म्हटले की प्रेषितांपासून चालत आलेली दृश्य ख्रिस्तसभा विरून जाईल. टिंडेलच्या बाजूचे भय उलटे होते. चर्च म्हटले की लोकांना इमारत आणि अधिकारी तेवढे दिसतील. पुढे १६११ साली राजा जेम्सच्या नावाने भाषांतर निघाले, तेव्हा ‘चर्च’ हा जुना शब्द कायम ठेवावा असा दंडकच भाषांतरकारांना घालून दिलेला होता. आज चारशे वर्षांनी आम्हांस वाटते, दोघांच्याही भयात तथ्य होते. मराठीत आपण ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो आणि आपले प्रॉटेस्टंट बांधव ‘मंडळी’ म्हणतात. दोन्ही शब्द एक्लेसियाशी इमान राखणारे आहेत. ‘घरची मंडळी’ म्हणताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भिंती येत नाहीत, माणसे येतात.

तरीही सभेची वास्तू होते, हा भाषेचा स्वभावच दिसतो. ‘पंचायत’ म्हणजे मुळात पाच पंचांनी एकत्र बसणे. आज आपण सहज म्हणतो, ‘पंचायतीला कुलूप आहे.’ ‘सिनेगॉग’ हाही ग्रीक शब्द. अर्थ, एकत्र आणणे. त्याचीही इमारत झाली. माणसे जिथे पुनःपुन्हा जमतात, त्या जागेला माणसांचे नाव चिकटते. यात वावगे काही नाही. वावगे तेव्हा होते, जेव्हा माणसे निघून गेल्यावरही नाव जागेपाशीच राहते आणि निघून गेलेल्यांचा विसर पडतो.

आपल्या गुजराती बांधवांच्या ‘देवळ’ या शब्दाने मात्र आम्हांस थक्क केले. मराठी ‘देऊळ’ आणि गुजराती ‘देवळ’ ही सख्खी भावंडे. राजकुलाचे जसे ‘राऊळ’ झाले, तसे देवकुलाचे ‘देऊळ’ झाले. आणि ‘कुल’ म्हणजे काय? घरही आणि घराणेही. युरोपने जे दोन शब्दांत वाटून घेतले, प्रभूचे घर आणि प्रभूची माणसे, ते आपल्या मातीतल्या या जुन्या शब्दात एकत्र नांदते आहे.

आता आणखी एका शब्दाकडे वळू. इंग्रजी ‘पॅरिश’, फ्रेंच ‘पारॉस’, पोर्तुगीज ‘पारोकिया’ या शब्दांना आपण मराठीत ‘धर्मग्राम’ हा सुंदर प्रतिशब्द दिला. ग्राम म्हटले की स्थिर वस्ती, पांढरी, शीव, गावदेवता. पण मूळ ग्रीक शब्द ‘पारोइकिया’ याचा अर्थ जवळजवळ उलट आहे. ‘पारोइकोस’ म्हणजे परगावी तात्पुरता राहणारा, तिथल्या नागरिकत्वाचे हक्क नसलेला उपरा. संत पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना हेच विशेषण लावले आहे. ख्रिस्ती माणसे जिथे राहात, तिथे ती स्वतःला पाहुणी समजत. त्यांच्या त्या मुक्कामाचे नाव पुढे पॅरिश झाले.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे उसाच्या फडाकडेला पाल ठोकून राहणारी आमची माणसे उभी राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, पहाटेच्या थंडीत फडात शिरणारी. तोडणीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. ‘या टोळीत किती कोयते?’ असा प्रश्न विचारला जातो. हातातल्या हत्याराचे नाव माणसांना चिकटले आणि माणसे मोजणीत हत्यारे झाली. शब्द माणसाला कुठून कुठे नेऊन ठेवतात, याचे याहून बोचरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणि अशाच एका जोडीची आठवण होते. अक्विला व प्रिस्किल्ला हे नवरा-बायको. सम्राट क्लॉडियसच्या हुकुमाने त्यांना रोम सोडावे लागले. करिंथमध्ये ती दोघे तंबू बनवण्याचा धंदा करीत होती; तिथेच पौल त्यांच्याकडे उतरला आणि त्यांच्यासोबत कामाला बसला. पुढे ती एफेसला गेली, नंतर पुन्हा रोमला. संत पौल आपल्या पत्रांत त्यांच्या घरी जमणाऱ्या एक्लेसियाचा आवर्जून उल्लेख करतो. पोटासाठी हातांनी राबणाऱ्या त्या विस्थापित जोडप्याचे बिऱ्हाड जिकडे गेले, तिकडे ख्रिस्तसभा गेली. त्या वेळी तिला स्वतःची इमारत नव्हती, म्हणून तिला कोणी रिकामी म्हटले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या प्रबंधात ‘देवाची प्रजा’ या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले. १९८३ च्या धर्मसंहितेचे ५१५ वे कलम धर्मग्रामाची व्याख्या करताना प्रदेशापासून नव्हे, तर श्रद्धावंतांच्या समुदायापासून सुरुवात करते. आणि ५२९ वे कलम धर्मग्रामगुरूला दरिद्री, दुःखी, एकाकी व मायभूमीला पारखे झालेल्या लोकांची विशेष काळजी घेण्यास सांगते. तेव्हा परिषदेतील त्या प्रश्नाला आमचे उत्तर ठरून गेले आहे. पाड्यावरचे मंदिर बंद होणार नाही, कारण ते प्रभूचे घर आहे आणि मागे राहिलेल्या आठ म्हाताऱ्यांचे कुलही आहे. पण तेवढ्याने भागणार नाही. आमचे चर्च त्या महिन्यांत रिकामे नसते. ते उसाच्या फडात असते. तिकडच्या धर्मगुरूंच्या सहकार्याने निदान महिन्यातून एकदा पालांवर मिस्सा व्हावी, टोळीबरोबर जाणाऱ्या एखाद्या तरुणाला प्रार्थना चालवण्याचे शिक्षण मिळावे, पालात जन्मलेल्या बाळाच्या आईला ‘बाप्तिस्मा होळीपर्यंत थांबवू का?’ असे विचारण्याची वेळ येऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो.

वाचकांकडेही आमचे एक मागणे आहे. आपण वसईत असा, नाशिकला असा की सुरतेत असा; आपल्या वस्तीजवळ फडाच्या किंवा चालू बांधकामाच्या कडेला पाले दिसली, तर एकदा जाऊन विचारावे, ‘कुठल्या गावचे? तुमच्यात कोणी ख्रिस्ती आहे का?’ असल्यास त्यांना रविवारी कोणत्या वेळी कुठे यायचे ते सांगावे, आणि आल्यावर मागच्या बाकावर एकटे बसू देऊ नये. नसले, तरी पिण्याचे पाणी, आजारी मूल, शाळेचा दाखला यांविषयी विचारपूस करावी. ‘एक्लेसिया’च्या पोटात दडलेली ती हाक त्यांच्यापर्यंत बहुधा आपल्याच तोंडून पोहोचायची असते.