भातसेकाठचे वासिंद: गावाजवळून वाहून गेलेला इतिहास

१. मित्रहो, आपल्या थ्रेडमधून गड, लढाया आणि राजघराणी नेहमीच येतात. आज एका साध्या गावाविषयी लिहितो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, भातसा नदीच्या काठी वसलेले वासिंद हे माझे गाव. कसारा लोकलच्या खिडकीतून आपण ते पाहिलेही असेल. येथे कोणाची राजधानी नव्हती, कोणता तह झाला नाही. तरीही या गावाजवळून जे जे गेले, त्याची नोंद मांडली तर उत्तर कोकणाच्या इतिहासाचा मोठा भाग हाती लागतो.

२. प्रथम भूगोल. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि तिच्या पायथ्याशी शहापूर व मुरबाड हे शेजारी तालुके. शहापुरातून भातसा वाहते, मुरबाडातून काळू. पुढे या दोघींचे पाणी एक होते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. डोंगराळ मुलखात नदीने मोकळे केलेले खोरे हीच माणसांची आणि बैलांची वाट ठरते. म्हणून भातसेच्या बाजूला वर थळघाट, काळूच्या बाजूला नाणेघाट व माळशेज. आणि दोन्ही वाटांच्या खालच्या टोकाला एकच बंदर, कल्याण.

३. यांपैकी काळूच्या खोऱ्याचा पुरावा अधिक जुना. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. जुन्नरचा माल हा घाट उतरून वैशाखऱ्यावरून मुरबाडच्या मुलखात येई आणि कल्याणला जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचा उल्लेख आहे. म्हणजे मुरबाडची ही खेडी दोन हजार वर्षांपूर्वीही जगाच्या व्यापाराच्या वाटेवर होती.

४. भातसेच्या बाजूला पहारा होता माहुलीचा. पावसाळा सरून आकाश निवळले की आमच्या गावातून त्याचे सुळके स्पष्ट दिसतात. १६३६ मध्ये शहाजीराजांना याच गडावर वेढा पडला. अखेर त्यांना शरण जावे लागले आणि निजामशाहीचा शेवट झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुली होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. एवढी झुंज कशासाठी? गडावरून खालचा मुलूख पाहावा, म्हणजे उत्तर कळते. थळघाटाकडे जाणारी वाट त्याच्या नजरेच्या टप्प्यात आहे.

५. त्यानंतर आली आगगाडी. १८५३ मध्ये ती बोरीबंदराहून ठाण्यास पोहोचली, १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५५ मध्ये वासिंदला. पुढचा आसनगावपर्यंतचा टप्पा १८६० मध्ये खुला झाला, कसाऱ्याचा १८६१ मध्ये. घाट चढून गाडी इगतपुरीला पोहोचली ती १८६५ मध्ये. याचा अर्थ असा की, चार वर्षांहून अधिक काळ आमचे गाव हे या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. थळघाट उतरणाऱ्या मालाला रेल्वेचे सर्वांत जवळचे टोक वासिंदच होते. पुढे रूळ सरकले आणि गाव टोकाचे राहिले नाही, वाटेवरचे झाले.

६. येथे शेजारच्या तालुक्याकडे पाहावे. दोन हजार वर्षांची वाट ज्या मुरबाडातून गेली, त्या तालुक्यात रेल्वे आलीच नाही. रुळांनी भातसेचे खोरे निवडले आणि काळूचे खोरे बाजूला पडले. तेथील माणसे कमी कर्तबगार होती म्हणून असे झाले नाही. घाट कोठे फोडायचा, याचा निर्णय दूर कोठेतरी झाला आणि खेड्यांचे दैव त्याने ठरवले.

७. रेल्वेनंतर वाहू लागले ते पाणी. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातच तानसाचे धरण पूर्ण झाले आणि तेथले पाणी मुंबईला जाऊ लागले. पुढे भातसेवरही धरण बांधले गेले. आज मुंबईच्या सात तलावांतील साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसेचा असतो. मात्र तानसा आणि भातसा यांत एक भेद आहे. तानसाचे पाणी जलवाहिन्यांतून जाते. भातसेचे पाणी धरणातून नदीतच सोडतात, ते पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत पात्रातून वाहते आणि तेथे उपसले जाते. वासिंदवरून वाहणारी नदी म्हणजे मुंबईची उघडी जलवाहिनीच आहे.

८. माझी आजी धरणापूर्वीच्या नदीविषयी सांगत असे. चैत्र-वैशाखात धार बारीक होई, डोहांपुरतेच पाणी उरे. बायका पात्रातल्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने हंडा भरत. मी पाहिलेली नदी मात्र ऐन मे महिन्यातही वाहती. एकच पात्र, एकच घाट, पण आजीची नदी पावसाची होती आणि माझी शहराच्या गरजेची आहे. आपण ज्याला निसर्ग म्हणून पाहतो, त्यातही इतिहास असतो तो असा.

९. आणि या इतिहासाला दुसरी बाजू आहे. धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, शेते गेली. येथला कातळ काळ्या बेसॉल्टचा. पावसाळ्यात मुसळधार पाऊस कोसळतो, पण पाणी उतारावरून वाहून जाते. त्यामुळे महानगराची तहान भागवणाऱ्या याच तालुक्यातील अनेक आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

१०. जे जे येथून गेले, त्याचा हिशेब कोणी ना कोणी लिहून ठेवला. जकात घेणाऱ्यांनी, बादशाही दरबाराने, रेल्वेने, महापालिकेने. जे काठावर राहिले, त्यांचा हिशेब मात्र कोणत्याच दप्तरात पुरता सापडत नाही. झिरे खणणाऱ्या बायका, बुडालेल्या शेतांची नावे, पूर कोठवर आला त्या खुणा, हे सारे केवळ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे आणि ती माणसे एकेक करून जात आहेत. तेव्हा आपल्या गावी नदी असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे: धरणाआधी, पुलाआधी ती कशी होती? उत्तर लिहून ठेवावे, खाली तारीख घालावी. तेही इतिहासाचे साधनच आहे.