घड्याळ घ्यावे, पण कोणते?

महाळुंग्याच्या औद्योगिक वसाहतीत नव्याने कामाला लागलेल्या मुलांच्या मनगटावर अलीकडे एक घड्याळ दिसते. मोठ्या डायलमध्ये तीन छोटे डायल, एका खिडकीतून थरथरणारे चक्र, दुसरीत चंद्राच्या कला. सेल लागत नाही, हात हलला की चावी बसते. किंमत दीड-दोन हजार. ‘घेऊ का?’ असे मुले आम्हाला विचारतात.

गरिबाने हौस करू नये, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी घड्याळ बांधून गावी पाऊल टाकले की ते काहींच्या डोळ्यांत खुपे. ‘याला कशाला वेळ बघायची?’ असे टोमणे त्यांनी ऐकले आहेत. पहिल्या पगारातून घड्याळ घेणे आपल्या घरांत नुसती चैन नव्हती. प्रश्न एवढाच की पैसे मोजायचे कशासाठी?

त्या पिढीच्या मनगटावर बहुधा एचएमटी असे. या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळांचा कारखाना काढला. तिचे ‘जनता’ घड्याळ रोज हाताने चावी द्यायचे, सतरा ज्वेलचे. ते तास, मिनिट, सेकंद दाखवी, तारीखही नाही. पण बिघडले तर ते कोणत्याही तालुक्याचा घड्याळजी दुरुस्त करी.

चावीच्या घड्याळात सारी ताकद एका स्प्रिंगची. वार, तारीख, चंद्र सारे तिच्याच जिवावर फिरतात. एकेक सोय वाढली की चाके आणि तरफा वाढतात, तशा बिघडायच्या जागाही वाढतात. भारी घड्याळात प्रत्येक भाग घासून, तेल देऊन, तपासून बसवतात. पैसे त्या मेहनतीचे असतात. दीड हजारात ती मेहनत कुठून येणार? काही घड्याळांतले छोटे डायल तर नुसते शोभेचे असतात.

त्यात आपले काम कारखान्यातले. ग्रायंडिंग मशीनच्या मॅग्नेटिक चकजवळ हात गेला की आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकित होऊ शकते आणि घड्याळ पुढे पळू लागते. दुसरी गोष्ट तारखेची. साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख सरकवणारे दाते गुंतलेले असतात. तेव्हा चावीने तारीख बदलली तर दाता तुटू शकतो. दुसऱ्या पाळीचा माणूस खोलीवर येऊन घड्याळ हातात घेतो तो नेमका तेव्हाच!

शेजारच्या खोलीतल्या एका मुलाचे असले घड्याळ सहा महिन्यांत थांबले. चाकणच्या घड्याळजींनी भिंग लावून पाहिले आणि परत दिले. ‘याचे सुटे भाग मिळत नाहीत, पुरी मशीनच बदलावी लागेल.’ मशीन आणि मजुरी मिळून हिशेब नव्या घड्याळापर्यंत गेला.

म्हणून आमचे मत असे. कामासाठी साधे क्वार्ट्झ घड्याळ घ्यावे. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे महिन्याला चुकली तर काही सेकंदांची चूक. साध्या चावीच्या घड्याळात तेवढी चूक एका दिवसात होते. काही कारखान्यांत मोबाईल गेटवरच ठेवावा लागतो. अशा वेळी हे घड्याळ उपयोगी पडते. कंपनीची बस पाच मिनिटांनी चुकली, तर कंत्राटी मुलाचा खाडा पडतो.

आणि चाकांची टिकटिक ऐकायची हौस असेल तर तीन काट्यांचे साधे घड्याळ घ्या. एचएमटीची घड्याळे बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, पण जुनी अजून मिळतात. मात्र जुन्या मशीनवर नवा रंगवलेला डायल बसवून विकणारेही आहेत. आधी ओळखीच्या घड्याळजीला झाकण उघडून दाखवा. तो ‘हे मी दुरुस्त करू शकतो’ म्हणाला, तरच पैसे द्या.